पाचव्या बलाचा शोध, पांढरकवड्याहून

आईच्या आजारपणात मी पांढरकवड्याला परत आले ती दोन महिन्यांसाठी. परदेशातल्या विद्यापीठातली माझी नेमणूक अजून शिल्लक होती. तिथल्या भाड्याच्या खोलीत माझी पुस्तकं तशीच पडलेली होती आणि थंडीचा जाड कोट टांगलेला होता. आई आठ महिने राहिली. ती गेली तोवर नेमणूक संपत आली होती आणि घरात बाबा एकटे उरणार होते. त्यांनी मला थांब म्हटलं नाही. तेरावं उरकून पाहुणे गेले त्या दुपारी त्यांनी स्वतः कुकर लावला, दोन माणसांचा. मीही मग तिकिटाचा विषय पुन्हा काढला नाही.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी कळवलं की काम तिथूनही करता येईल, संशोधन गटाच्या यादीत नाव राहू दे. मी वरच्या खोलीतून आईच्या औषधांचे खोके हलवले, खिडकीपाशी टेबल मांडलं आणि कामाला लागले. सकाळी बारावीच्या मुलींची शिकवणी घ्यायची. दुपारपासून संध्याकाळपर्यंत माझं खरं काम. युरोपातले लोक आपल्यापेक्षा साडेतीन-साडेचार तास मागे असतात, त्यामुळे माझी दुपार म्हणजे त्यांची सकाळ.

काम काय ते सांगते. जगातल्या सगळ्या ओढाओढीमागे आणि ढकलाढकलीमागे आपल्याला आजवर चार बलं माहीत आहेत. एक गुरुत्वाकर्षण, एक वीज-चुंबकाचं, आणि दोन अणूच्या गाभ्यातली. बल एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचतं ते कणांमार्फत. प्रकाशाचा कण हा वीज-चुंबकाच्या बलाचा वाहक. मग पाचवं एखादं बल असेल, तर त्याचाही वाहक कण असला पाहिजे. तो कुणी पाहिलेला नाही. तो शोधायला आम्ही अशा जागी बघतो जिथे जुन्या चार बलांचा गोंधळ कमी असतो. युरोपात जमिनीखालच्या बोगद्यात प्रोटॉन एकमेकांवर आदळवतात. त्यातून बॉटम नावाचा एक जड क्वार्क तयार होतो आणि लगेच फुटतो. बहुतेक वेळा नेहमीच्याच प्रकारे. पण दहा लाखांतून एखाद्या वेळी तो वेगळ्या प्रकारे फुटतो आणि मागे स्ट्रेंज नावाचा हलका क्वार्क आणि दोन म्युऑन उरतात. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच, पण त्याच्याहून बराच जड कण. या दुर्मीळ प्रकारात मधल्यामध्ये एखादा नवा वाहक कण जन्मून मेला असेल, तर त्या दोन म्युऑनांवरून काढलेलं वजन परत परत एकाच आकड्याशी येईल. आलेखावर त्या आकड्यापाशी ढीग दिसेल. तो ढीग शोधायचा, एवढंच माझं काम.

हे मी इथे कुणाला सांगितलं नाही असं नाही. शेजारच्या काकूंनी गच्चीवर वाळवण घालताना विचारलं होतं, ‘‘बाई, तू दिवसभर कंपुटरवर काय करून राह्यली वं?’’ मी मनापासून सांगायला लागले. प्रोटॉनपर्यंत आले तेव्हा त्यांनी कुरडया उलथवायला सुरुवात केली होती. त्यांचा काही दोष नव्हता. ज्या गोष्टीचा मी दिवसातले आठ तास विचार करायची, तिच्यासाठी माझ्याजवळ मराठी शब्दच नव्हते. मी विचारही इंग्रजीत करायची आणि बाजारात गेले की दोडके मराठीत मागायची. काही दिवस असे जायचे की दोडक्यांपलीकडे मी कुणाशी बोललेली नसायची.

एक माणूस मात्र होतं. लिस्बनमध्ये राहणारी, माझ्याहून सहा वर्षांनी लहान एक मुलगी याच शोधावर माझ्याबरोबर होती. निम्मे प्रोग्राम तिने लिहिलेले, निम्मे मी. दर मंगळवारी दुपारी चार वाजता आम्ही दोघी पडद्यावर भेटायचो. आधी काम, मग इकडचं तिकडचं. आमच्याकडे किती ऊन आहे हे दाखवायला मी लॅपटॉप खिडकीकडे फिरवायची. समोरच्या घराच्या पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या पाहून ती हसायची. आई गेली तेव्हा तिने कामाचा एक शब्द न काढता पाऊण तास माझ्यासमोर नुसती बसून काढला होता.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी ती म्हणाली, ‘‘मी सोडते आहे.’’

मला वाटलं शहर सोडते आहे.

‘‘नाही, हे सगळंच. विमा कंपनीत नोकरी मिळाली आहे. दर दोन वर्षांनी नवं शहर, नवी नेमणूक, मला आता नाही जमत. तुला माझ्या सगळ्या फायली नीट लावून देते.’’

तिने खरंच सगळं नीट लावून दिलं. प्रत्येक प्रोग्रामच्या वर काय कशासाठी आहे ते लिहून ठेवलं. पुढचे दोन मंगळवार मी चार वाजता सवयीने आमची ती ऑनलाइन खोली उघडली. पडद्यावर माझाच चेहरा आला. दुसऱ्या मंगळवारी मी तशीच दहा मिनिटं बसून राहिले आणि मग बंद केलं. तिसऱ्या मंगळवारी चार वाजता बाबांबरोबर केळापूरला देवीच्या देवळात गेले. त्या वेळी घरात बसायचं नव्हतं, एवढंच.

बाबांबद्दल सांगायचं राहिलं. ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते, मालाची प्रत ठरवणारे. सरकी वेगळी करायच्या कारखान्याच्या, म्हणजे जिनिंगच्या आवारात शेतकऱ्यांच्या गाड्या लागायच्या आणि बाबा एकेका गाडीवर चढून कापूस बघायचे. ओल किती, कचरा किती, डागी कवडी, म्हणजे किडकं बोंड, किती. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ते ओढायचे आणि धागा किती लांब आहे ते सांगायचे. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. आई गेल्यावर ते कमी बोलायला लागले. मीही कमीच बोलायची. दोघं एका घरात आपापलं राहत होतो.

आमच्या कामात एक कडक नियम असतो. निवड कशी करायची, कुठली घटना, म्हणजे कुठली टक्कर, ठेवायची, कुठली टाकायची, हे पक्कं ठरेपर्यंत शेवटचा आलेख उघडायचा नाही. आधी बघितलं तर माणूस नकळत हवं तेच ठेवत जातं. फक्त माहितीचा एक लहानसा हिस्सा आधी उघडायची परवानगी असते, यंत्रणा नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी. पौष महिन्यातल्या एका दुपारी मी तो हिस्सा उघडला. ठिपके अपेक्षेच्या रेघेला धरून चालले होते, आणि एका जागी ते वर गेले होते. लहानसाच, पण ढीग.

मी प्रोग्राम पुन्हा चालवला. ढीग तिथेच.  मी जिना उतरून खाली आले. बाबा पाटावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते.

‘‘बाबा, काहीतरी दिसून राह्यलं.’’

‘‘काय?’’

‘‘ढीग. लहान हाय. पन हाय.’’

त्यांनी शेंगांची परात बाजूला सारली. ‘‘तू शोधून राह्यली तोच?’’

‘‘आत्ताच नाही सांगता येत. असूही शकते.’’

‘‘असू शकते न?’’

‘‘हो.’’

ते उठले, हात धुतले आणि वर आले. जिना त्यांना चढवत नसे, गेल्या वर्षभरात ते वर आलेच नव्हते. माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी चष्मा लावला आणि तो आलेख कितीतरी वेळ बघितला.  त्या रात्री जेवताना आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं.

मी त्यांना कुणाला सांगू नका म्हणायला हवं होतं. मला सुचलंच नाही, कारण ते कुणाला काही सांगतच नसत. दोन दिवसांनी दूधवाल्याने दारात विचारलं, ‘‘ताई, पेपरात कवा येते मंग?’’ कटिंगच्या दुकानात बाबांनी सांगितलं होतं. तिथून ते औषधाच्या दुकानात गेलं आणि तिथून सगळीकडे. शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या. ‘‘तुह्या मायले पाहाले पायजे होतं,’’ असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी पेढा खाल्ला. नाही म्हणणं त्या वेळी फार अवघड होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तो ढीग खरा असायला हवा होता. मी रोज सकाळी उठले की आधी तो उघडून बघायची.

एका संध्याकाळी चहा घेताना बाबांनीच विषय काढला.

‘‘त्या ढिगात हायत किती?’’

‘‘मोजकेच. मूठभर.’’

‘‘एकेक काढून पाह्यले?’’

‘‘नाही बाबा. आमी एकेक नाही पाहत. सगळ्यांचा मिळून आलेख पाहतो.’’

त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘मी चौतीस वर्षं गाडीवर चढलो. वरून कापूस पांढराशुभ्र दिसे. मी ढीग पाहून कवाच ग्रेड देल्ला नाही. कोपरापर्यंत हात घालून मूठ काढो, मंग सांगो.’’

‘‘ते निराळं हाय.’’

‘‘निराळं असन,’’ ते म्हणाले आणि कप उचलून आत गेले.

मला राग आला होता. तो त्यांचा नव्हता, माझाच होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण दुसऱ्या दिवशी मी तेच करायला बसले. ढिगातली प्रत्येक घटना वेगळी काढली आणि तिच्यातले दोन म्युऑन कुठून निघाले, कसे गेले ते एकेक करून तपासायला लागले. पाच दिवस लागले. तिसऱ्याच दिवशी मला शंका आली होती. पाचव्या दिवशी खात्री झाली.

ते म्युऑन टक्कर झाली त्या जागेपासून जरा जास्तच लांब जाऊन सुरू होत होते. आणि दोन-तीन ठिकाणी त्यांच्या वाटेला बारीकसा कोन होता. म्हणजे निघाले तेव्हा ते म्युऑन नव्हतेच. केऑन नावाचा एक कण आहे, जुना, सगळ्यांच्या ओळखीचा. तो थोडा पुढे जाऊन दोन पायऑनांमध्ये फुटतो. पायऑन कधी कधी वाटेतच म्युऑन होतो. यंत्राला शेवटी दोन म्युऑनच दिसतात. हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून वजनाचा तेवढा पट्टा वगळायची सोय केलेली होती. ती ओळ मी लिहिली होती. पट्टा मी अरुंद ठेवला होता. त्याच्या काठावरून जे सांडलं, त्यालाच मी ढीग समजले होते.

मी ती ओळ दुरुस्त केली, पट्टा रुंद केला आणि प्रोग्राम चालवला. ढीग गेला. ठिपके रेघेवर येऊन बसले.

दुपारचे तीन वाजले होते. खाली रस्त्यावर कुणी कांदे-बटाटे घेऊन ओरडत जात होतं. त्या क्षणी ही गोष्ट जगात मला एकटीला माहीत होती. ढीग दिसला तेव्हाही ती मला एकटीलाच माहीत होती, पण तेव्हा तसं वाटलं नव्हतं. तेव्हा मी जिना उतरून पळत गेले होते. आता मी लिस्बनच्या मुलीला निरोप लिहिला, ‘‘काठ माझ्याकडून चुकला,’’ आणि पाठवण्याआधी पुसला. ती आता विम्याचं काम करत होती. तिने याचं काय करायचं?

गटाच्या पुढच्या बैठकीत मी चूक सांगितली. पडद्यावर चाळीसेक लहान लहान चौकटी. कुणीतरी म्हणालं, ‘‘बरं झालं आधी सापडलं.’’ दुसऱ्याने पट्टा किती रुंद केला ते विचारलं. मग पुढचा विषय. माझं सगळं मिळून सात मिनिटांत झालं. कुणी रागावलं नाही, कुणाला वाईट वाटलं नाही. यात असं होतच असतं. मलाही ते ठाऊक आहे. तरी बैठक संपल्यावर मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही.

बाबांना सांगणं जास्त जड गेलं.

‘‘बाबा, तो ढीग खोटा निघाला.’’

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ‘‘कशानं?’’

‘‘माह्यीच चूक. जुनाच कण होता. एकेक काढून पाह्यलं, मंग समजलं.’’

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले. कुठे जाता म्हटलं तर ‘‘येतो’’ म्हणाले. नुकतीच कटिंग झालेली होती, तरी ते त्याच दुकानात गेले. तिथे काय झालं ते मला नंतर दूधवाल्याकडून कळलं. बाबांनी खुर्चीवर न बसता, उभ्यानेच सगळ्यांना सांगितलं की मी बोललो ते चूक होतं, पोरीनं स्वतःच तपासून काढलं. दुकानदार म्हणाला, ‘‘अरेरे, काका, मंग सगळी मेहनत वाया गेली म्हना.’’ त्यावर बाबा म्हणाले, ‘‘वाया काहून जाईन? आता माल साफ झाला.’’ आणि तिथून ते औषधाच्या दुकानात गेले, मग शेजारच्या काकूंकडे. जिथे जिथे सांगितलं होतं तिथे तिथे जाऊन त्यांनी ते परत घेतलं. घरी आले तेव्हा त्यांना दम लागला होता. मी पाणी दिलं. 

शेवटचा आलेख उघडायचा दिवस होळीच्या जरा आधी ठरला. त्या सकाळी नाल्यासाठी रस्ता खोदताना आमच्या भागातली इंटरनेटची तार तुटली. मोबाइलला घरात रेंज येत नव्हती. बाबा म्हणाले, ‘‘जिनिंगवर चाल. तिथं येते.’’ साडेपाचला बैठक होती. मी लॅपटॉप पाठीवर घेतला, बाबांना स्कूटीवर मागे बसवलं आणि आम्ही निघालो.

जिनिंगचा व्यवस्थापक कधीकाळी बाबांच्या हाताखाली शिकलेला. त्याने ऑफिसातलं टेबल रिकामं करून दिलं. टेबलावर नमुन्याच्या कापसाच्या पुड्या होत्या, त्या मी कडेला सारल्या. बाहेर उरलेसुरले ट्रॅक्टर उभे होते, मशीनचा आवाज चालू होता. बाबा दारासमोरच्या बाकावर जाऊन बसले. मी कानात इअरफोन घातले, फोनवरून नेट जोडलं. सगळ्यांनी हो म्हटल्यावर मी आलेख उघडायची आज्ञा दिली.

आलेख यायला मिनिटभर लागलं असेल. ठिपके रेघेवर होते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कुठेही काही नव्हतं.

कुणी म्हणालं, ‘‘सुंदर काम.’’ पडद्यावर टाळ्यांची चित्रं उमटली. मी आभार मानले आणि बाहेर पडले. आवारात कापसाचे बारीक तंतू उडत होते. बाबा व्यवस्थापकाशी बोलत होते. मी त्यांच्यापासून लांब, वजनकाट्यापलीकडे गेले आणि विचार न करता लिस्बनला फोन लावला. तिने दुसऱ्याच घंटीला उचलला. ती कुठल्यातरी खोलीत होती, आवाज दाबून बोलत होती.

‘‘उघडला?’’

‘‘हो.’’

‘‘आणि?’’

‘‘सपाट.’’

 तिने विचारलं, ‘‘पट्ट्याच्या काठाशी? तिथे स्वच्छ आहे?’’

तिला काठाचं कुणी सांगितलं होतं ते मला माहीत नाही. कदाचित कुणी सांगितलंही नसेल. तो काठ तिलाही आधीपासून खुपत असेल.

‘‘स्वच्छ आहे,’’ मी म्हणाले.

‘‘छान,’’ ती म्हणाली. तिच्या मागे कुणीतरी तिला हाक मारली. ‘‘मला जावं लागेल. इथे बैठक चालू आहे.’’ आणि तरीही तिने लगेच फोन ठेवला नाही. आम्ही दोघी काही सेकंद तशाच होतो. मग फोन बंद झाला.

बाबा माझ्याकडे बघत होते. मी जवळ गेले.

‘‘काही नाही निघालं, बाबा.’’

‘‘पुरं पाह्यलं?’’

‘‘पुरं.’’

ते उठले, व्यवस्थापकाला येतो म्हणाले आणि स्कूटीकडे चालायला लागले.

शोधनिबंध छापून यायला पुढे वर्ष लागलं. कितीदा लिहिला, कितीदा दुरुस्त केला. लेखकांची यादी काही शे नावांची, त्यात माझं एक, आणि तिचंही, कारण निम्मं काम तिचं होतं. मी बाबांसाठी त्यातला शेवटचा, कणाच्या जोराची मर्यादा दाखवणारा आलेख बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून मोठा छापून आणला. त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला आणि हाताने घडी सपाट केली.

‘‘ही रेघ कायची?’’

‘‘या रेघेच्या वर तो कण नाही. तेवढा जोरदार असता तर आमाले दिसलाच असता.’’

‘‘हे पक्कं?’’

‘‘पक्कं.’’

‘‘आन् रेघेच्या खालतं?’’

‘‘तिथं अजून कोनालेच मालूम नाही. जास्त डेटा पायजे.’’

त्यांनी रेघेखालच्या मोकळ्या जागेवर बोट फिरवलं. ‘‘हे तं लय मोठं हाय वं.’’

‘‘हो,’’ मी म्हणाले.

त्यांना झोप येत होती. ते आत जाऊन पडले. मी कागद गुंडाळला, टेबल पुसलं आणि वर गेले. नव्या वर्षांतल्या टकरींची माहिती महिन्याभरापूर्वीच आली होती. तिच्यावर माझ्याबरोबर काम करायला अजून कुणी नेमलेलं नाही.